ढोलाआधीची शांतता

"ढोलाआधी सगळं थांबेल, तेव्हा पहिल्या रांगेतला जो कोणी मागे वळून वर बघेल, त्याला," मुलगी म्हणाली.

अंगरक्षकाने मान डोलावली. त्याला सगळे होयबा म्हणत. पक्षात होयबांना तोटा नव्हता, पण या नावाने हाक मारून घेण्याचा मान याचा एकट्याचा. साहेबांनी डोकं आपट म्हटलं असतं, तर कोणत्या भिंतीवर एवढंच याने विचारलं असतं.

"काकाच वळतील," ती म्हणाली. "पण मला खात्री करून घ्यायचीय. आणि मी नको-नको अशी मान हलवली, तरी थांबायचं नाही. ऐन वेळी मी कच खाईन. माझ्याकडे बघूच नकोस."

"आणि दुसरंच कोणी वळलं तर?"

"तर तो."

"बरं, ताई," होयबा म्हणाला, आणि बंदूक घेऊन सभागृहाच्या मागच्या टोकाला, वर दिव्यांच्या खोलीत जाऊन बसला. मुलगी व्हायोलिनच्या खुंट्या पिळू लागली.

साहेबांना, म्हणजे तिच्या वडिलांना, याच सभागृहात मारलं, त्याला आज वर्ष झालं होतं. त्या दिवशी पक्षाचं अधिवेशन होतं. भाषणाआधी वाद्यवृंदाने एक धून वाजवली. त्या धुनेत मध्येच सगळी वाद्यं एकदम थांबतात, सभागृह श्वास रोखून धरतं, आणि मग मोठ्या ढोलावर एकच दणका बसतो. साहेब मंचाच्या कडेला उभे राहून ऐकत होते. धून संपली, टाळ्या झाल्या, आणि त्या टाळ्यांत साहेब कोसळले.

गोळी टाळ्यांच्या आवाजात झाडली गेली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. पहिल्या रांगेतला एक माणूस घाबरून दाराकडे पळाला. कार्यकर्त्यांनी त्याला खुर्च्यांनी ठेचून मारला, बायकोलाही तोंड ओळखू येईना इतका. त्याच्या खिशात खोकल्याच्या औषधाची बाटली निघाली. चौकशी पुरी होईपर्यंत तिचं पिस्तूल झालं होतं.

खरं काय ते मुलीने पाहिलं होतं. त्या दिवशी ती वाद्यवृंदात, वडिलांकडे तोंड करून वाजवत होती. ढोल वाजला, त्याच क्षणी दिव्यांच्या खोलीतून येणारा झोत हलला, आणि साहेबांच्या कोटावरचं लाल फूल तिला जरा मोठं वाटलं. मग ते आणखी मोठं झालं. साहेब दोन्ही हातांनी कठडा धरून उभे होते. ते आपल्याकडे बघून हसताहेत असं तिला वाटलं. ती वाजवत राहिली. शेवटचा सूर छान लागला म्हणून ती खूशही झाली होती.

गोळी ढोलाच्या दणक्यात आणि वरून सुटली, हे तिच्याखेरीज फक्त ती झाडायला लावणाऱ्यालाच ठाऊक असणार होतं. हे तिने कोणालाच सांगितलं नाही. सांगणार कोणाला? चौकशी काकांची, पोलीस काकांचे, आणि साहेबांची खुर्चीही आता काकांचीच. दुःख मात्र काकांनी जनतेला वाटून टाकलं होतं. आज शाळांना सुट्टी होती.

काका मरावेत, तेही सगळ्यांसमोर, त्यांच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर तसंच फूल उमलून. याखेरीज वर्षभर तिला दुसरं काही सुचलं नव्हतं.

आईला यात ओढायचा प्रश्नच नव्हता. अधिवेशनाच्या दिवशी ती डोकं धरून घरीच पडली होती. एरवीही ती फारशी बाहेर पडत नसे. साहेबांचा हात जनतेच्या पाठीवर असे. घरात तो कुठे पडे, याची चर्चा घरात होत नसे. आईचा डावा कान पार गेला होता. न्हाणीघरात पाय घसरला, असं ती डॉक्टरांना सांगे. डॉक्टर त्या न्हाणीघराला चांगलं ओळखून होते.

पुण्यतिथीच्या कार्यक्रमाला थोडा वेळ राहिला असताना आई मंचामागे आली आणि तिने उजवा कान पुढे केला. तीच धून वाजवणार का, असं विचारलं. बाबांची आवडती म्हणून तीच, असं मुलगी म्हणाली.

"त्यांना कसली आवड? त्यांना व्हायोलिन काय नि भोंगा काय," आई म्हणाली. "मीच सुचवली होती ती. दुसरं काहीतरी वाजव ना, बाळा."

आईला सोसवत नाही, हे मुलीला कळत होतं. तिने आईचा हात हातात घेतला. "शेवटचं, आई. एकदाच."

आधी काकांचं भाषण झालं. दादांच्या आठवणीने रात्र-रात्र झोप लागत नाही असं सांगताना त्यांनी रुमालाने डोळे टिपले. मग ते पहिल्या रांगेत आईशेजारी येऊन बसले. त्यांना घाम फुटला होता. त्यांनी दोनदा मान पुसली, कॉलर सैल केली.

धून सुरू झाली. मुलीने काकांवरची नजर काढली नाही.

वाद्यं थांबली. सभागृहाने श्वास रोखला. ढोलवाल्याने काठी उचलली.

काकांची मान हलली. मुलीचा गज हवेतच राहिला. मान जरा कलली, पुढे झुकली, छातीवर टेकली, आणि काका बारीकसं घोरले.

शेजारची खुर्ची करकरली.

आई मागे वळून वर बघत होती.

मुलीने नको-नको अशी मान हलवली. होयबा तिच्याकडे बघत नव्हता.

ढोल वाजला.