अंधाराचे वेळापत्रक

ध्वनिमुद्रण सुरू होण्यापूर्वी म्वीम्बाने प्रश्नांचा कागद दुमडून खिशात ठेवला. त्याला जो प्रश्न विचारायचा होता, तो त्या कागदावर नव्हताच.

'बाजार आणि घर' हा त्याचा रेडिओ-कार्यक्रम लुसाकात नऊ वर्षे ऐकला जात होता. दर आठवड्याला एखादा जाणकार येई आणि मक्याचे पीठ का महागले, कोळशाचे पोते का आखडले, हे साध्या शब्दांत सांगे. आज अर्थतज्ज्ञ डॉ. नालुमिनो आले होते. वीज पुरवणारे धरण आटल्यापासून कोणत्या वस्तीची वीज केव्हा तोडायची, ते वेळापत्रक तेच आखत.

आज मटेरो वस्तीची पाळी होती. दुपारी दोनपासून आठ तास. मटेरोत म्वीम्बाची आई ऑक्सिजनच्या यंत्रावर होती. यंत्राची बॅटरी अर्धा तास पुरे. रुग्णालयात खाट नव्हती, सिलिंडर मिळत नव्हते. ज्याला जे सुचेल ते त्याने करायचे, असे सकाळी त्याने आणि पत्नी लुयांडोने ठरवले होते. घरातला एकुलता एक फोन आठवडाभर दुरुस्तीला पडला होता.

ध्वनिमुद्रण तासभर चालले. जिथे नुकसान कमी तिथे वीज तोडतो, असे नालुमिनोंनी समजावले. ते मोजता कसे, असे म्वीम्बाने विचारले.

"गिरण्या, कारखाने, शीतगृहं मोजतो. घरांचं मोजता येत नाही. आणि अंधार कमी करणं माझ्या हातात नाही. मी तो फक्त इकडून तिकडे हलवतो."

ध्वनिमुद्रणाचा तांबडा दिवा विझल्यावर म्वीम्बाने आईचे सारे सांगितले आणि आज मटेरोची वीज राखता येईल का, असे विचारले.

नालुमिनो लोझी जमातीचे, म्वीम्बा गुरे राखणाऱ्या टोंगा जमातीचा. लोझी माणसाने टोंगा माणसाला थट्टेने मारायचा तो पिढीजात टोमणा नालुमिनोंनी मारला, पण हसले नाहीत. "तुम्ही टोंगा लोक. गाई मागायच्या सोडून वीज मागायला लागलात."

"तुमच्याकडे गाई असत्या, बा नालुमिनो, तर त्याच मागितल्या असत्या." म्वीम्बाने आदराचा 'बा' लावूनच टोमणा परतवला.

त्यांनी पिशवीतून तक्ता काढला. "एकाला काढलं की दुसऱ्याला घालावं लागतं. चिलेंजेची पाळी गुरुवारी आहे, ती आज घेतो. मटेरो गुरुवारी. तोवर सिलिंडर शोधा."

"चिलेंजेत माझी मेव्हणी राहते. आज दिवसभर मला शिव्या घालेल."

"घालू द्या. शिव्यांना वीज लागत नाही."

पावणेदोनला त्यांनी स्टुडिओतूनच नियंत्रण कक्षाला बदल कळवला. म्वीम्बाने गुडघे किंचित वाकवले आणि वडीलधाऱ्यांचे आभार मानताना वाजवतात तशा पोकळ तळव्यांच्या टाळ्या हलकेच वाजवल्या. नालुमिनोंनी नजर चुकवली.

मिनीबस वाटेत दोनदा अडकली. तो मटेरोत उतरला तेव्हा सव्वातीन वाजले होते. न्हाव्याचे केस कापायचे विजेचे यंत्र घरघरत होते. वीज मंडळ आज आपल्याला विसरलेले दिसते, असे शेजारीण कुंपणावरून म्हणाली. तो त्या दिवशी पहिल्यांदा हसला.

घरात दिवा जळत होता. आईची खाट रिकामी होती. यंत्राची जागाही मोकळी होती. उशीवर लुयांडोची चिठ्ठी होती.

'आईंना टॅक्सीने माझ्या बहिणीकडे नेते आहे. मी वेळापत्रक नीट पाहिलं. तिच्याकडे गुरुवारपर्यंत वीज जाणार नाही. तुम्ही काळजी करू नका.'