जिन्याचा दिवा

१९६३ साली मी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकायला नागपूरला निघाले, तेव्हा ढाणकीला एस.टी.त बसवताना बाबांनी एकच अट घातली. “नापास झाली त परत ये. सोयरीक पाहून ठेवली हाय.”

वर्षअखेरच्या प्रात्यक्षिक परीक्षेत मला जिन्याची वायरिंग आली. दिवा एक, बटणं दोन. खालच्या बटणानं लावायचा, वरच्यानं विझवायचा. वर्गात मुलगी मी एकटीच, त्यामुळे मुलं आपापली कामं सोडून माझ्याच बोर्डाकडे बघत होती. परीक्षक बाहेरून आलेले, भारी कडक. सकाळपासून इंग्रजीशिवाय एक शब्द बोलले नव्हते.

दिवेलागणीची वेळ झाली होती. मी बटण दाबलं, दिवा लागला आणि घरच्या सवयीनं माझे हात आपोआप जोडले गेले.

मुलं खो-खो हसली. मागून कुणीतरी म्हणालं, “आता आरतीपण होऊन जाऊ द्या, सत्यभामाबाई!”

परीक्षकांनी एका नजरेत सगळ्यांना गप्प केलं आणि माझ्याकडे वळले. मला ती सोयरीक डोळ्यांपुढे दिसायला लागली.

“कोन्या गावची व तू?”

“ढाणकीची, सर.”

“मी बाभुळगावचा, तुह्याच जिल्ह्यातला.” त्यांनी दुसरं बटण दाबून दिवा विझवला, हातातली पेन्सिल खिशात ठेवली आणि हळूच म्हणाले, “लाव बरं पुन्हा. या पोट्ट्यायच्या गोंधळात माहे हात जोडाचे राह्यले.”