शाब्बास

दिराला नकोसा झालेला खंड्या कुत्रा वासंतीकडे सोडायला तिची धाकटी जाऊ रेवती आली होती. त्याला न मारता, खाऊ देऊन, कौतुक करत शिकवायचं, असं वासंतीनं ठरवलंच होतं. पनीरचा तुकडा दाखवत ती "बस" म्हणाली. खंड्या चटकन बसला.

"शाब्बास!"

खंड्या सरपटत भिंतीशी गेला आणि अंग चोरून तिथंच मुतला.

"अगं, मी ओरडले का त्याला?" वासंती चक्रावली.

"ताई, तो शब्द नको," रेवती पुटपुटली. "हे मारताना तेच म्हणतात. प्रत्येक फटक्याला."

"मुक्या जनावराला?"

रेवतीनं बाही वर केली. दंडभर वळ होते.

लग्नकार्यात सगळ्यांना हसवणारा वासंतीचा दीर! जरा वेळानं तिनंच त्याला फोन लावला.

"भाऊजी, रेवतीची वाट पाहू नका. ती इथंच राहणार आहे."