एकेक ओळ पुसायची

"एकेक ओळ पुसाची, देवानंद. डिलीटच कराचं. दिवस गेला तरी चालते," असं बजावून शेखरसाहेब आपल्या खोलीत गेले.

देवानंदच्या अंगाचा तिळपापड झाला. बियाणं उगवलंच नाही म्हणून सहाशे शेतकऱ्यांनी मोबाइलवरून केलेल्या तक्रारी कंपनीच्या अमरावती शाखेतल्या या एका तक्त्यात होत्या. कागद कुठंच नाही. जुन्या प्रती अकोल्याच्या मुख्य कार्यालयानं सकाळीच उडवल्या. उद्या चौकशी समिती येणार, म्हणून वरून हुकूम आला, तक्ता रिकामा करा. आणि या साहेबाला त्यातही मजा हवी! गावची माणसं गावच्याच पोरानं एकेक करून मारायची. नोकरीची गरज नसती तर देवानंद त्याच्या तोंडावर थुंकला असता.

त्यानं पुसायला घेतलं. शालिकराम, भातकुली. पुसलं. पार्बताबाई, नांदगाव. पुसलं. प्रत्येक नावासोबत उघड्याबोडक्या वावराचा फोटो. सत्तेचाळीस ओळी झाल्या आणि पुढचं नाव आलं. मनकर्णा, भातकुली. त्याची माय. "तू हायेस ना तिथं, मंग आमची दाद लागनच," असं म्हणाली होती बिचारी.

बोट चालेना. मायचं नाव आपल्या हातानं पुसायचं? छे! त्यापेक्षा अख्खा तक्ताच एका झटक्यात रिकामा केलेला बरा. त्यानं तसा हुकूम टाइप केला. स्क्रीनवर उत्तर आलं, परवानगी नाही. त्याला फक्त ओळी पुसायचा अधिकार होता.

त्यानं अकोल्याच्या मुख्य कार्यालयातल्या रोहितला फोन लावला आणि तक्ता एकदम रिकामा करायची परवानगी मागितली. शेखरसाहेबांसारखाच तोही परवानग्या देऊ शकत होता.

"कावून, शेखर देऊन नाही राहिला का?" रोहित हसला. "थांब, मी देतो तुले."

अर्ध्या मिनिटात तक्ता रिकामा. एकही नाव पाहावं लागलं नाही. देवानंदला हायसं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली.

चार वाजता शेखरसाहेब आले. दार लावून घेतलं.

"झालं?"

"झालं," देवानंद मान वर न करता म्हणाला.

"मंग तोंड पाडून बसू नको. मायले सांग, काई गेलं नाई. पहिले सांगता येत नव्हतं तुले. एकेक करून डिलीट केली का ओळ न् ओळ दुसऱ्या तक्त्यात जाऊन पडते, मीच तसं लावून ठेवलं. म्हणून तं एकेक पुसाले सांगतलं, एकदम उडवलं तं काईच उरत नाई. उद्या समितीपुढं ठेवतो. माही नोकरी गेली तरी बेहत्तर!"

त्यांनी तो दुसरा तक्ता उघडला. त्यात सत्तेचाळीस नावं होती.