शेवटच्या वर्षाचा तास

"परमेश्वराने मला हाक मारली आहे," असं पाद्री घडवणाऱ्या सेमिनरीच्या प्राचार्यांना ठणकावून सांगून, निवृत्त एसटी ड्रायव्हर योसेफ ओहोळांनी त्यांचं उत्तर ऐकायला कानातलं यंत्र चालू केलं.

"काका, हाक जरा उशिराच ऐकू आली म्हणायची."

"गाडीत आवाज फार असायचा."

प्राचार्य हसले. "ईश्वरविज्ञानाची पदवी इथे राहून चार वर्षांत होते, पोस्टाने सहा. कोणती घेता?"

"त्याहून लवकरची?"

"घाई कसली?"

ओहोळ खिडकीबाहेर पाहत राहिले. "माझ्या बायकोला डॉक्टरांनी नाताळपर्यंतची मुदत दिलीय. रोज विचारते, अहो, देवाने माझ्याच पोटात ही गाठ का घातली? उभा जन्म चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसलो, पण मला उत्तर येत नाही. तुमच्याकडे शिकवतात ना?"

प्राचार्यांनी माहितीपत्रक हळूच मिटलं. "शिकवतो. शेवटच्या वर्षी."

ओहोळांनी यंत्र काढून फुंकर मारली, पुन्हा लावलं. नीटच ऐकू आलं होतं.

"मग तेवढाच तास आज घ्या, साहेब. बाहेर रिक्षात आहे ती. जरा थोडक्यात सांगा, फार वेळ बसवत नाही तिला."