जेवा म्हणायची रीत

तैवानहून आणलेला फ्रॉक, मुलीला आखूड. तीन मजली घर, न्हुंगच्या पगारावर बांधलेलं. शेगडीवर उकळणारा मासा. तेतच्या, नव्या वर्षाच्या सणाला न्हुंग प्रथमच गावी परतली होती. जेवणाआधी लहानांनी मोठ्यांतल्या एकेकाला 'जेवा' म्हणायचं, मगच जेवायच्या काड्या उचलायच्या. लेकीने आपल्याला 'आई' म्हटलं तर परत तैवानला जायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. "आजोबा, जेवा," तिची लेक चाम म्हणाली. "आजी, जेवा." न्हुंगचे डोळे आधीच भरून आले. चामने रोजच्यासारखा फोन फिश सॉसच्या बाटलीला टेकवला. काळ्या काचेला ती म्हणाली, "आई, जेव." "वेडाबाई, ही बघ आई!" आजी हसली. "ही रडते. आई नेहमी हसते." आजोबांनी न्हुंगच्या वाडग्यात मासा वाढला. "खा पोरी. परवा निघायचंय ना?" "हो," न्हुंग म्हणाली. ती पहिल्यांदा विमानात बसली तेव्हा चामला दात आले नव्हते.