रुजलंय का बघतो

हे लिहिणारच नव्हतो, असल्या माणसावर शब्द कशाला वाया घालवायचे. मित्राने होणाऱ्या सासऱ्याच्या अंगणात तयार गवताचे तुकडे अंथरून नवं लॉन लावून दिलं, तर त्यात जागोजागी वाळलेले चट्टे. सासरा म्हणाला, "ज्याला गवत जगवता येत नाही, तो माझी मुलगी काय सांभाळणार?" मित्राने बघायला मला सोबत नेलं होतं.

मी एक चट्टा धरून ओढला. सतरंजीसारखा हातात आला. खाली माती ओली, पण एकही मूळ आत गेलेलं नाही.

"काका, हे कोणी उचलतं का?"

"मीच की. रोज सकाळी उचलून बघतो, रुजलंय का. भरवसा कोणावर ठेवायचा?"

परत येताना मित्राला शब्द दिला. "तुमचं लग्न होऊ दे. हा माणूस तुमच्या दारात दिसला, की मी बाहेरूनच कटवतो. तुम्ही आधी रुजा."